नव्या हॉटेलात कुणाला वाढू?

हॉटेल नवं हवं, इतकं नवं की त्याच्या भिंतींनाही आमचं भांडण माहीत नसावं, अशी अट माझ्या धाकट्या जावेने फोनवर घातली तेव्हा मी देवाजवळचा दिवा पुसत होते. तिचा आवाज दबका होता, कारण पलीकडच्या खोलीत भाऊजी सामान बांधत होते. माझा आवाज तसाही दबकाच असतो. त्यामुळे बराच वेळ आम्ही दोघी एकमेकींना "काय?" एवढंच विचारत राहिलो.

भाऊजींची बदली झाली होती. महिनाअखेरीस बिऱ्हाड हलवून ते दोघं लांबच्या गावी जाणार होते, आणि लांबच्या गावी गेलेली माणसं फक्त वाईट बातमीलाच परत येतात, असं जावेचं म्हणणं. "ताई, जायच्या आधी या दोघा भावांना एकदा समोरासमोर बसवू. नाहीतर पुढे दोघांतल्या एकाने डोळे मिटल्यावरच भेट व्हायची." ती जरा स्पष्ट बोलते. मी फोन ठेवून देवाची क्षमा मागितली, तिच्या वतीने.

भांडण आरामखुर्चीवरून होतं. लोकांच्या घरी भांडणं 'मला हवं' यावरून होतात, आमच्याकडे 'तूच घे' यावरून झालं. सासरे गेल्यावर त्यांची वेताची खुर्ची कुणी न्यायची असा विषय निघाला. हे म्हणाले, तू ने, तू लहान. भाऊजी म्हणाले, तू ने, तू मोठा. तू ने, तू ने करता करता आवाज चढले. मग 'बाबांची खुर्ची तुला जड झाली का?' असं एकाने विचारलं आणि 'माझ्याकडून काही घ्यायची तुला लाज वाटते का?' असं दुसऱ्याने. कोणी काय विचारलं यावर आजही एकमत नाही. खुर्ची तेव्हा वेत विणायला सुताराकडे दिलेली होती, ती तिथेच राहिली, कारण जो आणायला जाईल तो हरला. सुतार सुरुवातीला दोन्ही घरी फोन करायचा. मग तो थकला आणि स्वतःच तीत बसू लागला.

आता हे भाऊजींच्या घराची पायरी चढणार नाहीत आणि भाऊजी आमची. राहता राहिलं हॉटेल. पण चौकातल्या हॉटेलात भांडणाचा दुसरा अंक झालेला. बागेजवळच्या हॉटेलचा मालक यांच्या वर्गातला, म्हणजे ते भाऊजींना शत्रूच्या गोटात गेल्यासारखं. तळ्याकाठच्या हॉटेलात भाऊजी नेहमी जातात, म्हणून यांना तिथला वाससुद्धा चालत नाही. बस तिथून जाते तेव्हा हे खिडकी लावून घेतात. म्हणून नवंकोरं हवं. आणि ते आधी पाहूनही ठेवायला हवं, कारण जेवण गार आलं की यांचं डोकं तापतं, आणि गोंगाट असला की भाऊजींचं. जावेला खोक्यांतून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. काम माझ्याकडे आलं.

इथे माझ्याविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मला तरी कुठे सगळं कळलं आहे.

मी काही नेम पाळते. रोजचे आहेत, साधे आहेत, कुणाला त्रास होऊ नये अशा बेताचे आहेत, असं मी इतकी वर्षं समजत होते. आवाज चढवायचा नाही, हा एक. अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हा दुसरा. आणि तिसरा, कुणाच्या तरी ताटात स्वतःच्या हाताने वाढल्याशिवाय आपण पहिला घास घ्यायचा नाही. घरात या नेमाला काहीच लागत नाही. हे ताटावर बसतात, मी वाढते, मग मी बसते. हॉटेलात मात्र वाढायला पगारी माणसं ठेवलेली असतात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी हॉटेलात जाते ती यांच्याबरोबर, आणि तेव्हा यांच्या ताटात चमचाभर काहीतरी सरकवलं की नेम पुरा होतो. एकटी कधी गेलेच नव्हते.

बातमी बाहेर फुटू द्यायची नाही असं ठरलं होतं, पण कुठली हॉटेलं नवी आहेत हे विचारल्याशिवाय कळणार कसं? मी शेजारच्या मावशींना अगदी सहज म्हणून विचारलं. मावशी स्वतः बाहेरचं काही खात नाहीत. पण फोनवर लोकांनी टाकलेले ताटांचे फोटो पाहून त्यांना सगळ्या शहराच्या पोटाची खबर असते. त्यांनी हॉटेलांची नावं अशी धडाधड सांगितली की मला एकही लक्षात राहिलं नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यात थांबून ऐकत होते. त्यांचं मत असं की हॉटेल ओळखावं ते हात धुवायच्या जागेवरून. जेवण नंतर बघावं. त्यांनी जन्मभर लोकांची पत्रं घरोघर पोचती करवली, आणि निवृत्तीनंतर ती सवय बातम्यांवर आली आहे. हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

पहिलं हॉटेल इतकं नवं होतं की खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघायचं होतं आणि भिंतीला रंगाचा वास होता. मेनू मागितला तर वेटरने टेबलावरच्या काळ्यापांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवलं. मी चौकोन नीट पाहिला. छान होता. मग त्यानेच माझा फोन घेऊन त्यावर मेनू उघडून दिला आणि पाणी साधं हवं की बुडबुड्यांचं असं विचारलं. मी घाईत दोन्ही म्हटलं.

भात आला, भाजी आली, वाफा निघत होत्या, यांच्या दृष्टीने सगळं उत्तम. आणि माझा हात थांबला. कुणाला वाढू? वेटरला विचारलं, तुम्ही जेवलात का? तो म्हणाला, शिफ्ट संपल्यावर. त्याला बसायला सांगितलं तर तो मागच्या मागे सरकत नाहीसाच झाला. शेजारच्या टेबलावर कानाला यंत्र लावून एक गृहस्थ लॅपटॉपवर काम करत होते. त्यांच्यासमोर रिकामी ताटली होती. मी देवाचं नाव घेतलं, उठले आणि चमचाभर भात नि चमचाभर भाजी त्यांच्या ताटलीत वाढली. घ्या ना, थोडंच आहे, म्हटलं.

गृहस्थ सज्जन होते. खाल्लं, कानातलं यंत्र काढलं आणि छान आहे म्हणाले. मग मागच्या टेबलाला सांगितलं की इथे आधी चाखायला देतात. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना सांगितलं. मी जागेवर येऊन पहिला घास घेते तोवर चार दिशांनी ताटल्या वर झाल्या होत्या आणि मॅनेजर एका टेबलाहून दुसऱ्या टेबलाकडे माफी मागत फिरत होता. भाऊजींना चालणार नाही एवढा गोंगाट झाला. जाताना मॅनेजर मला दारापर्यंत सोडायला आला, आणि पुन्हा याल तेव्हा आधी कळवा, असं म्हणाला. मला वाटलं, किती अगत्य.

संध्याकाळी जावेने विचारलं, कसं होतं?

आता आला दुसरा नेम आडवा. मी म्हटलं, देवाच्या दयेने सगळं गरम होतं.

"ताई, म्हणजे चांगलं होतं की वाईट?"

मी म्हटलं, पाणी दोन प्रकारचं होतं.

तिने तिकडे खोक्यावर चिकटपट्टी कर्रकन ओढली. मग म्हणाली, दुसरं बघा.

दुसऱ्या हॉटेलात वाढायला माणसंच नव्हती. डोळ्यांच्या जागी दोन दिवे असलेलं एक बुटकं यंत्र अंगावर ताटं घेऊन फिरत होतं आणि टेबलापाशी थांबून गोड आवाजात "आपलं ताट उचला" म्हणत होतं. आसपास जोडपी बसलेली, त्यांच्यात जायला संकोच वाटला. यंत्र मात्र माझ्याकडे एकटक पाहत उभं होतं. यंत्राला वाढलेलं नेमात धरतात का, हा प्रश्न माझ्या आधी कुणाला पडला नसावा, त्यामुळे कुणाला विचारण्यातही अर्थ नव्हता. देणाऱ्याने घेणाऱ्याची जात पाहू नये एवढंच मला ठाऊक. मी त्याच्या सपाट अंगावर एक चमचा भात ठेवला. यंत्र दोन पावलं गेलं, थांबलं, स्वतःभोवती फिरलं आणि "आपलं ताट उचला, आपलं ताट उचला" करत भिंतीला टेकून राहिलं. त्यानंतर त्या हॉटेलात कुणालाच काही मिळालं नाही. मीही न जेवता आले, कारण यंत्राने भात खाल्ला नव्हता. खाल्ल्याशिवाय वाढणं पुरं होत नाही, असं मी वाटेत ठरवलं.

जावेला म्हटलं, शांत जागा आहे.

तिसऱ्या हॉटेलचं नाव मावशींनी काढलं. तिथे म्हणे बुफे असतो, ज्याचं त्याने घ्यायचं, वेटरची कटकट नाही. हे हॉटेल एका बाईंनी बँकेतली नोकरी सोडून काढलं होतं. काचेची मोठी खिडकी, उजेड भरपूर, टेबलं एकमेकांपासून लांब, आणि मांडणीवर झाकणाची चकचकीत भांडी, खाली मंद आच. म्हणजे गार होणं नाही, गोंगाट नाही. मला जागा बघताक्षणी आवडली. मी मनातल्या मनात यांना खिडकीशी बसवलं आणि भाऊजींना समोर.

आता फक्त नेम. मांडणीपाशी एक आजोबा काठी एका हातात आणि ताट दुसऱ्यात धरून उभे होते, तिसरा हात नसल्यामुळे अडले होते. माझ्यासाठी हे दारात चालून आलेलं पुण्य. मी मांडणीच्या पलीकडे गेले, डाव उचलला आणि त्यांच्या ताटात भात, भाजी, सूप सगळं बेताने वाढलं. आजोबा खूश होऊन गेले. मी डाव ठेवणार तोच त्यांच्या मागच्या बाईंनी ताट पुढे केलं. त्यांना नाही कसं म्हणणार? त्यांच्यामागे त्यांची मुलगी होती. तिच्यामागे एक कुटुंब. समोर आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं मला जमत नाही, आणि माझा आवाज असा की मी "मी इथली नाही" म्हटलेलं भांड्यांच्या वाफेतच विरघळून जायचं. एकाने भात मोकळा नाही म्हणून मला सुनावलं. मी त्यांची क्षमा मागितली. एका बाईंनी मात्र असं प्रेमाने हल्ली कुणी वाढत नाही, असं म्हणून माझा दंड दाबला. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. काचेबाहेरून पोस्टमास्तर चालले होते. ते थांबले, त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मी डावानेच त्यांना नमस्कार केला.

त्याच वेळी पालिकेचे तपासनीस आले. नवीन हॉटेलांची पाहणी चालली होती म्हणे. सडपातळ, थकलेले गृहस्थ, काखेत फाईल. त्यांनी भांड्यांची झाकणं उचलून पाहिली, समाधान झालेलं दिसलं, आणि मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"डोक्याला टोपी कुठे आहे? हातमोजे?"

मी म्हटलं, देवाच्या दयेने मला थंडी वाजत नाही.

त्यांनी वैद्यकीय दाखला मागितला. मी खरं ते सांगितलं की साखर किंचित वाढली आहे, बाकी ठीक. ते लिहून घेऊ लागले. मालकीणबाई धावत आल्या आणि ही बाई आमची नाहीच म्हणाल्या. तपासनीसांनी रांगेकडे पाहिलं, माझ्या हातातल्या डावाकडे पाहिलं. मग कुणाची आहे, असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न फारच मोठा होता. मी वर पाहिलं. त्यांना वाटलं, मी मालकीणबाईंकडे पाहते आहे.

दाखला नसलेला कामगार ठेवला म्हणून हॉटेलच्या दारावर कागद लागला, खुलासा येईपर्यंत बंद. रांगेतली माणसं ताटं घेऊन तशीच उभी. मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनांना म्हटलं, मी त्या हॉटेलात नोकरीला नाही, तेवढं लिहून घ्या. ते म्हणाले, पुरावा आणा.

"नोकरी नाही याचा पुरावा कुठे मिळतो?"

"जिथे नोकरी नाही तिथे."

मी विचार करत बाकावर बसले. शेजारी बसलेल्या एका अनुभवी माणसाने समजावलं, एका हॉटेलचा दाखला आणून भागणार नाही. इथे नाही म्हणजे दुसरीकडे असाल, असं ते म्हणतील. म्हणजे शहरातल्या प्रत्येक हॉटेलातून मी तिथे नाही असं लिहून आणायला हवं, आणि नवी हॉटेलं तर रोज उघडत होती. मी बोटांवर हॉटेलं मोजू लागले. शेवटी कारकुनांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, उद्या दुपारी साहेब हॉटेलवरच जबाब घेतील, घरातलं कर्तं माणूस घेऊन या.

घरातलं कर्तं माणूस तोवर फुगून बसलं होतं. पोस्टमास्तरांनी बातमी पोचवली होती. वहिनी कामाला लागल्या वाटतं, एवढंच ते म्हणाले, पण जिन्यात म्हणाले, म्हणजे सगळ्या मजल्यांना म्हणाले. यांच्या मानी स्वभावाला ते फार लागलं. रात्री मी ताट घेतलं, तर यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं. "तुम्ही दिवसभर लोकांना वाढून दमला असाल. मी घेतो माझं." मला अहो-जाहो म्हणजे राग अगदी टोकाचा. खरं सांगावं तर भावाची भेट ठरवली हे फुटणार, आणि ते आधी कळलं तर हे येणारच नाहीत. मी काही फोडलं नाही. फळाला नेम लागत नाही, म्हणून तेवढं खाऊन झोपले. सकाळीही यांनी आपल्या हाताने घेतलं आणि बाहेर पडले. मी जेवण डब्यात भरलं, की बसथांब्यावर, रस्त्यात, कुठेतरी भुकेलं कुणी भेटेल. कुणी भेटलं नाही. सगळं शहर जेवलेलं दिसत होतं.

याहून वाईट म्हणजे जावेचा फोन आला. आता ती दबक्या आवाजात बोलत नव्हती. बातमी भाऊजींपर्यंत पोचली होती, आणि वाटेत वाढली होती. दादाने वहिनीला हॉटेलात कामाला लावलं, असं भाऊजींना कळलं होतं. "ताई, ते म्हणतात, दादाशी बोलत नव्हतो ते बरंच केलं. आता जन्मात बोलणार नाही."

मी देवासमोर बसले. दोन भावांना जवळ आणायचं म्हणून मी निघाले होते, आणि आता एक घरात माझ्याशी बोलत नव्हता, दुसरा गाव सोडून कायमचा चालला होता, मधल्या मधे एका भल्या बाईचं हॉटेल बंद. माझं नेमकं काय चुकलं, हे मी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिलं. प्रत्येक पायरीवर मी फक्त एक चमचा वाढला होता.

दुपारी हॉटेलात पोचले. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या, भांडी पालथी. तपासनीस फाईल उघडून बसले होते, मालकीणबाई त्यांच्यासमोर. मी डबा मांडीवर घेऊन कडेला बसले. हे आले. पालिकेने बोलावलं म्हणून आले होते, तसं त्यांनी तपासनीसांना ऐकवलंही. माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसले.

आणि दार पुन्हा उघडलं. भाऊजी. अंगावर बांधाबांधीची धूळ, मागे धापा टाकत जाऊ. वहिनीला इथून घेऊन जायला ते आले होते. थोरल्या भावाला पाहून ते दारातच थबकले. हे उठून उभे राहिले. इतक्या वर्षांनी दोघं एका छताखाली आले, तेही नव्याकोऱ्या हॉटेलात, ठरवलं होतं अगदी तसं. फक्त हॉटेल बंद होतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. सगळं बोलणं तपासनीसांच्या मार्फत झालं. भाऊजी त्यांना म्हणाले, यांना विचारा, घरात काय कमी पडलं म्हणून वहिनीला कामाला धाडली. हे म्हणाले, त्यांना सांगा, आमच्या घरात आम्ही बघून घेऊ. तपासनीस बिचारे दोन्हीकडे मान वळवत होते. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ह्या नोकरीला नाहीत, मान्य. मग परक्या माणसांना वाढत का होत्या?"

मी सांगू लागले, पण माझा दबका आवाज त्यांच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही. आमचे हे माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनाही तेच विचारायचं होतं, असं दिसलं. रोज ताटावर बसणाऱ्या माणसाला नेम दिसत नाही. त्याला फक्त जेवण दिसतं.

बोलले ते भाऊजी. "अहो, तिचा नेम आहे. कुणाला तरी वाढल्याशिवाय ती जेवत नाही. एकत्र होतो तेव्हा दादा उशिरा यायचा, तर मी शाळेतून आल्यावर आधी मला वाढायची, तेव्हा कुठे तिच्या पोटात जायचं." ते थांबले. मग वळले, आणि सरळ यांच्याकडे पाहून म्हणाले, "दादा, आज वहिनी जेवलीय का?"

हे खिडकीकडे पाहू लागले.

"काल रात्री?"

"मी माझ्या हाताने घेतलं," हे म्हणाले. पुटपुटले म्हणायला हवं.

"दादा."

एवढंच. पण त्या एका शब्दात जे होतं ते सगळं दोघांना कळलं असावं, कारण हे पुन्हा खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी भाऊजींसाठी शेजारची खुर्ची पायानेच मागे सारली. भाऊजी बसले. जावेने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

आता काय राहिलं होतं? मालकीणबाई ताटल्या घेऊन आल्या. कागद लागलेला असताना हॉटेलचं अन्न देता येत नाही, असं तपासनीस म्हणाले. मी म्हटलं, अन्न माझं आहे, घरचं. डबा उघडला. भात होता, भाजी होती, एका माणसाचं, गार झालेलं. यांना गार चालत नाही, पण आज ते काही बोलले नाहीत. दोघांसमोर ताटल्या मांडल्या. मी चमचा भरला.

"आधी त्याला वाढ," हे म्हणाले.

"छे, आधी दादाला."

"तो धुळीत काम करून आलाय, त्याला वाढ."

"थोरला समोर असताना मी आधी कसा घेऊ? वहिनी, दादाला."

"अरे, मी म्हणतोय ना, तू घे."

"नाही, तूच घे."

माझा चमचा या ताटलीवरून त्या ताटलीवर, त्या ताटलीवरून या ताटलीवर. जाऊ डोळ्यांनी मला काहीतरी सांगत होती, मला कळत नव्हतं. यांचा आवाज चढू लागला होता. भाऊजींच्या कपाळावर ती जुनी शीर उठली होती. मला अगदी स्पष्ट दिसत होतं की आता एवढ्यात एकजण काहीतरी विचारेल, दुसरा काहीतरी विचारेल, आणि कुणी काय विचारलं यावर पुन्हा जन्मभर एकमत होणार नाही. मी देवाला म्हटलं, आता तूच सांग, कुणाला वाढू? आणि माझं लक्ष तपासनीसांकडे गेलं. सकाळपासून ते हॉटेलंच तपासत होते, आणि माझ्या चमच्याबरोबर त्यांची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे होत होती. माणूस भुकेला होता.

मी एक ताटली ओढून त्यांच्यापुढे ठेवली आणि वाढलं. निम्मा डबा वाढला. ते आधी नको नको म्हणाले. मी म्हटलं, आपण खाल्लं नाहीत तर मला जेवता येणार नाही. सरकारी माणसावर एवढी जबाबदारी कुणी टाकली नसावी. त्यांनी घास घेतला.

नेम पुरा झाला. मी बसले, उरलेला निम्मा डबा पुढे ओढला आणि जेवले. घाई केली नाही. इतकं चवदार अन्न मी पूर्वी कधी खाल्लं नव्हतं, आणि हे म्हणायला कुठल्याच नेमाची आडकाठी नाही. डबा रिकामा झाला.

समोर दोघे भाऊ आपापल्या कोऱ्या ताटल्यांकडे पाहत बसले होते. मग हे म्हणाले, "आपल्याला नाही वाटतं काही?" यातलं 'आपल्याला' भाऊजींनी ऐकलं. त्यांना आधी हसू आलं, मग यांना. मग दोघं असे हसत सुटले की मालकीणबाई पाणी घेऊन आल्या.

तपासनीसांनी हात धुऊन जबाब लिहिला. त्याची एक प्रत माझ्याकडे आहे. त्यात शेवटी लिहिलं आहे, 'सदर महिला कोणालाही वाढते. तिचा या आस्थापनेशी संबंध नाही.' दारावरचा कागद निघाला. मालकीणबाईंनी त्याच मांडणीमागे कायमची जागा देऊ केली, ती मी नम्रपणे नाकारली. आणि दोघे भाऊ भूक लागली म्हणून एकत्र निघून गेले, चौकातल्या त्याच जुन्या हॉटेलात. मी इतकी नवी हॉटेलं पालथी घातली ती कशासाठी, हे मी कुणाला विचारलं नाही.

महिनाअखेरीस निघायच्या आदल्या दिवशी भाऊजी आणि जाऊ आमच्याकडे आले. जिन्यात पोस्टमास्तर उभेच होते. त्याच सकाळी मी सुताराकडे जाऊन खुर्ची घरी आणली होती. उठताना सुताराला जरा जडच गेलं. खुर्ची खोलीच्या मधोमध, वेत सुताराच्या बैठकीने गुळगुळीत, लखलखीत. दोघे भाऊ दारातच थांबले.

"बस," हे म्हणाले.

"दादा, तू बस."

"अरे, मी रोज बसेन. आज तू—"

मी पदर सावरला आणि खुर्चीत बसले. फार आरामशीर आहे. हल्ली जप तिथेच करते.